दिवे लगेच लावू नका: ‘बिली एलियट’ आणि आपले प्रेक्षक

नाचावर जीव असलेल्या मुलाचा सिनेमा लोकांना दाखवायचा आणि त्यांच्या प्रतिक्रिया टिपायच्या, हे काम ऐकायला सोपं वाटतं. पडदा लावा, सिनेमा लावा, शेवटी माइक फिरवा. या पद्धतीने हमखास मिळतं ते ‘छान होता’, ‘मुलांना प्रोत्साहन दिलं पाहिजे’ आणि अध्यक्षांचं भाषण. खरी प्रतिक्रिया सिनेमा चालू असताना येऊन गेलेली असते, आणि तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शाळांच्या वर्गांत, कोकणातल्या सभागृहांत आणि गिरणगावातल्या चाळकऱ्यांसमोर आम्ही ‘बिली एलियट’ दाखवत आलो. त्यातून जी पद्धत बसली ती इथे मांडतो आहोत.

हाच सिनेमा का, ते आधी सांगायला हवं. २००० सालचा हा ब्रिटिश चित्रपट. स्टीफन डॉल्ड्री यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, पटकथा ली हॉल यांची. जेमी बेल बिली झाला आणि त्यासाठी त्याला बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तोही कोवळ्या वयात. गोष्ट इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डरहॅम परगण्यातल्या कोळसा खाणीच्या गावातली, १९८४-८५ च्या संपातली. वडील आणि थोरला भाऊ टोनी दोघेही संपावर. आई वारलेली. घरात विसरभोळी आजी. अकरा वर्षांचा बिली पन्नास पेन्स घेऊन बॉक्सिंग शिकायला जातो. संपकऱ्यांच्या मोफत जेवणाची चूल खालच्या मजल्यावर मांडलेली असल्यामुळे मुलींचा बॅलेचा वर्ग बॉक्सिंगच्याच हॉलमध्ये आलेला असतो. बिली तिकडे वळतो.

आपल्या प्रेक्षकाला हा सिनेमा परका वाटत नाही, याचं कारण नाचापेक्षा संपात जास्त आहे. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. ब्रिटनमधला खाणसंप मार्च १९८४ मध्ये पेटला आणि मार्च १९८५ मध्ये संपला. म्हणजे बिलीचे वडील जेव्हा स्वयंपाकघरात रिकाम्या हातांनी बसलेले दिसतात, त्याच काळात लालबाग-परळच्या खोल्यांतही माणसं तशीच बसलेली होती. ही जुळणी आम्ही प्रेक्षकांना आधी सांगत नाही. ती त्यांना आपसूक सापडली तर चर्चेचा रंगच वेगळा असतो. आधी सांगितली तर लोक ती परत ऐकवतात, बस.

आता परवानगीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला सूट आहे. पण प्रेक्षक फक्त त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच हवेत. दारावर फलक लावून गावाला बोलावलं की सूट संपली. मंडळाच्या किंवा चाळीच्या हॉलमध्ये दाखवायचं असेल तर हक्कधारकाची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची लेखी परवानगी घ्यावी लागते. घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये सिनेमा चालवणं परवानगीत बसत नाही. या कामाला दीड-दोन महिने हाताशी ठेवावेत. उत्तर उशिरा येतं आणि तोपर्यंत पत्रिका छापायची घाई करू नये.

वयाचंही आधी ठरवावं लागतं. ब्रिटनमध्ये या सिनेमाला शिव्यांमुळे १५ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. अमेरिकेतही तो आधी ‘आर’ दर्जात आला, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीनेच प्रवेश. पोलिसांची मारहाण आहे, दारू आहे, घरातली हाणामारी आहे. त्यामुळे आम्ही दहावीच्या खाली उतरत नाही, आणि दहावीतही पालकांना आठ दिवस आधी लेखी कळवतो: शिव्या आहेत, दोन मुलांच्या मैत्रीत एकाला दुसऱ्याबद्दल वेगळं वाटतं असा धागा आहे, आणि हा सिनेमा मुलांनी पालकांबरोबर पाहावा अशी आमची इच्छा आहे. ‘बालचित्रपट’ हा शब्द पत्रात येऊ देऊ नये. तो आला की पाचवीतली भावंडं सोबत येतात आणि पंधराव्या मिनिटाला एखादी आई त्यांना बाहेर घेऊन जाते. तिच्याबरोबर अख्खी रांग उठते.

सर्वात जास्त वेळ खातात ती मराठी सबटायटलं. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण अर्ध्याहून अधिक प्रयोग इथेच बिघडतात. डरहॅमची बोली इंग्रजी येणाऱ्या आपल्या माणसालाही नीट कळत नाही. इंग्रजी सबटायटल लावून भागेल असं समजू नये. मराठी ओळ सहा-सात शब्दांची, एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर किमान दीड सेकंद आणि फार तर सहा सेकंद. आपला सरावातला वाचक सेकंदाला तीन शब्द उचलतो. ज्यांची वाचायची सवय सुटली आहे अशा आजी-आजोबांसाठी दोन धरा. म्हणजे वाक्य भाषांतरित करायचं नाही, कापायचं. वडील-मुलाच्या भांडणात शब्द जलद पडतात तिथे अर्धे संवाद सोडून द्यावे लागतात, आणि ते सोडले तरी चालतं, चेहरे सांगतात.

फाइल युटीएफ-८ (देवनागरी नीट जपणारी अक्षरसंकेताची पद्धत) मध्येच जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. जोडाक्षरं नीट दिसतात का ते प्रयोगाच्याच संगणकावर बघा. घरच्या मशीनवर ‘क्र’ नीट दिसतो आणि शाळेच्या जुन्या मशीनवर त्याचा ‘क’, हलन्त आणि ‘र’ असा सुटा तुकडा होतो. खात्री नसेल तर सबटायटल चित्रातच पक्कं करून नवी फाइल बनवा. परवानगी मागताना तेही लिहून घ्या. दुसरा घोळ वेगाचा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा), पण ब्रिटन-युरोपातली डीव्हीडी २५ चौकटींनी चालते. सुमारे चार टक्क्यांचा फरक. ११० मिनिटांच्या सिनेमात तो शेवटाला चार मिनिटांच्या वर जातो. एका प्रतीवर जुळवलेली फाइल दुसऱ्या प्रतीवर लावली की पहिल्या दृश्याला सगळं ठीक वाटतं आणि शेवटी बापाच्या तोंडी मुलाचं वाक्य येतं. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं, तिन्ही ठिकाणी तपासा. फक्त सुरुवात पाहून ‘जमलं’ म्हणणं ही सर्वात नेहमीची चूक.

आणि शिवी. बिलीला आणि त्याचा मित्र मायकल याला जो शब्द ऐकवला जातो त्याला मराठीत ‘बायल्या’ हाच शब्द आहे. सुरुवातीला सगळेच तो टाळतात. ‘मुलीसारखा’, ‘नाजूक’ असं काहीतरी घालतात. मग काय होतं? पडद्यावर ‘नाजूक’ येतं आणि मागच्या रांगेतून खरा शब्द मोठ्याने येतो, तोही हॉलमधल्या एखाद्या मुलाकडे बघून. सबटायटलमध्येच ‘बायल्या’ लिहिला की तो शब्द सिनेमातल्या माणसाच्या तोंडी जातो. हॉलमध्ये कुणाला म्हणायची गरज उरत नाही. शाळेला हे आधी समजावून सांगावं लागतं आणि मुख्याध्यापक तयार नसतील तर प्रयोग पुढे ढकलावा. दुसरा शब्द ‘संपफोड्या’. इंग्रजीतल्या ‘स्कॅब’ला याहून नेमका मराठी शब्द नाही, आणि गिरणगावात तो पडद्यावर उमटला की खुर्च्या हलल्याचा आवाज येतो.

मांडणी थोडक्यात सांगतो. ८०-१०० माणसांसाठी तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि आठ ते दहा फूट रुंदीचं चित्र पुरतं, पण हॉल खरोखर काळोखा हवा. खिडक्यांना काळं कापड, आणि वरच्या झरोक्यांनाही. दुपारच्या उन्हात झरोकाच घात करतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. सबटायटल तळाशी असतं आणि पुढे बसलेल्यांची डोकी नेमकी तेच झाकतात. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. सतरंज्यांचा दुसरा फायदा म्हणजे त्या आवाजाचा घुमारा शोषतात. फरशी आणि पत्रा असलेल्या हॉलमध्ये सतरंजीशिवाय संवाद विरतात. स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. आवाजाची पातळी संवादावर नाही, सिनेमात वाजणाऱ्या टी. रेक्स या रॉक बँडच्या गाण्यांवर बेता. नाच अंगात शिरायला खालचे सूर लागतात. कोकणात जून ते सप्टेंबर पत्र्याखाली प्रयोग ठेवूच नका.

मध्यंतर नको. ११० मिनिटं लोक बसतात, आधी सांगितलं तर. खाणं शेवटी, आणि तेही चिठ्ठ्या भरून झाल्यावर. वडापावचा वास आला की कागदावर फक्त ‘छान’ उरतं. पाहुण्यांची भाषणं सिनेमाच्या आधी तर अजिबात ठेवू नयेत. ‘या चित्रपटातून आपल्याला काय शिकायचं आहे’ हे एकदा व्यासपीठावरून सांगून झालं की दोन तासांनी सगळा हॉल तेच परत करतो.

आत येताना प्रत्येकाला एक छोटी चिठ्ठी देतो. तीवर सहा गोष्टी: कबड्डी, नाच, तबला, पोहणं, चित्रकला, स्वयंपाक. घरातल्या मुलाला यातलं काय शिकवाल, त्यावर खूण करा. इतकंच. नाव नाही. पूर्वी या जागी थेट प्रश्न असायचा, नाच शिकणाऱ्या मुलाला तुमच्याकडे काय म्हणतात. तो काढून टाकला, कारण तो वाचूनच लोकांना कळायचं की आता कुठलं उत्तर शोभेल. सहांत एक म्हणून नाच ठेवला की खूण खरी पडते. चिठ्ठ्यांचे कागद तीन रंगांचे: मुलगे, मुली, मोठी माणसं.

सिनेमा चालू असताना तीन निरीक्षक बसतात. मागे नाही, बाजूच्या भिंतींशी, कारण चेहरे दिसायला हवेत. हातात लाल कागद लावलेली छोटी बॅटरी आणि एक तक्ता. तक्त्यात चौदा दृश्यांची नावं उभी आणि पाच रकाने आडवे: हशा, शांतता, कुजबुज, हालचाल, डोळे पुसणं. फक्त खूण करायची, अर्थ लिहायचा नाही. ‘मुलं अस्वस्थ झाली’ असं लिहिणाऱ्या निरीक्षकाला पुन्हा तक्ता समजावून सांगतो. मुलं अस्वस्थ झाली की त्यांना लघवीला लागली हे त्याला ठाऊक नसतं. निरीक्षक शाळेचा शिक्षक नको. तो वळून बघतो तेव्हा हशा थांबतो. निरीक्षकाने सिनेमा किमान तीनदा पाहिलेला असावा, नाहीतर तो स्वतःच पडद्यात अडकतो आणि तक्ता कोरा राहतो.

तीन तक्ते शेजारी ठेवले की हॉलचा श्वास दिसतो. काही जागा जवळजवळ दर वेळी तशाच येतात.

पहिला मोठा हशा बॉक्सिंगचे बूट घातलेला बिली पांढऱ्या घोळदार झग्यांमधल्या मुलींच्या रांगेत उभा राहतो तिथे. तो निरागस हशा आहे, आणि त्याला कुणी ‘शूऽऽ’ करू नये. गिरकी जमत नाही म्हणून बिली न्हाणीघरात सराव करताना पडतो, तिथेही हसतात. पण त्या हसण्यात मुलग्यांचा आवाज बदललेला असतो. तोवर तो त्यांचा झालेला असतो. पुढे मायकल बहिणीचा झगा घालून दार उघडतो, तिथला हशा सर्वात मोठा, आणि त्यात बरीच धास्ती असते. इथे एखादे शिक्षक उठून दटावतात. त्याने दृश्य मरतं आणि मुलांना कळतं की यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. सोडून द्यावं. दोन मिनिटांत हसणं आपोआप विरतं, कारण बिली हसत नाही. तो मित्राकडे मित्र म्हणून बघतो आणि मुलं बिलीकडे बघत असतात.

बापाला कळतं आणि स्वयंपाकघरात समोरासमोर बसून तो सांगतो की मुलांनी फुटबॉल खेळावं, बॉक्सिंग करावं, कुस्ती खेळावी, बॅले नाही. इथे हॉल दुभंगतो. मुलं ताठ होतात, मोठ्यांच्या रांगेत माना हलतात, होकारार्थी. हे दृश्य निरीक्षकांनी सर्वात बारकाईने टिपावं, कारण शेवटच्या चिठ्ठीत हा होकार कुणी कबूल करत नाही.

बिली चिडून गल्लीच्या विटांच्या भिंतींना, शौचालयाच्या दाराला लाथा मारत नाचतो ते मुलग्यांचं दृश्य. शरीर तिथे आधी ओळखतं. पायाची बोटं हलताना दिसतात. मुली त्याच जागी पुष्कळदा शांत असतात. त्यांना शिक्षिका जवळची वाटते: ज्युली वॉल्टर्सनी रंगवलेली मिसेस विल्किन्सन, सिगरेट ओढणारी, गोड न बोलणारी, आणि मुलाचं अंग काय करू शकतं हे ओळखणारी एकटी. आईचं पत्र ती वाचते आणि बिली ते तिच्या बरोबरीने पाठ म्हणतो, तिथे ‘डोळे पुसणं’ या रकान्यात आयांच्या खुणा.

चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी मात्र खरं माणूस म्हणजे आजी. ती अधूनमधून सांगते की मीही नाचणारी होऊ शकले असते. सिनेमा त्यावर रेंगाळत नाही, पण बायका रेंगाळतात. पुरुष समोर असले की त्या मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलतात. त्यांना वेगळ्या वर्गात गोल करून बसवलं की मंगळागौर, फुगडी, टिपऱ्या बाहेर येतात, कुठल्या साली कुणी ‘आता बास’ म्हटलं ते येतं. म्हणून बायकांचा गट वेगळा ठेवणं ही सोय नाही, गरज आहे. तिथे एखादी बाईच बोलती ठेवणारी हवी.

आता संपाचं. नाताळला लाकडं नाहीत म्हणून बाप बायकोचा पियानो फोडून चुलीत घालतो. नंतर जिमच्या हॉलमध्ये बिली त्याच्या समोर उभा राहून नाचतो, एक शब्द न बोलता, आणि बाप निघून जातो. पुढे बिलीला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलच्या निवड चाचणीला पाठवायला पैसे हवेत म्हणून तो ज्या बसवर रोज अंडी फेकत होता त्याच बसमध्ये बसून कामावर निघतो. टोनी त्याला अडवतो आणि बाप पोराच्या गळ्यात पडून रडतो. गॅरी लुईसनी हे असं केलं आहे की सबटायटल न वाचताही कळतं. शाळेत हे दृश्य ‘बाबांनी मुलासाठी त्याग केला’ एवढ्यावर निभावतं. गिरणगावात तसं होत नाही. ज्यांनी संप शेवटपर्यंत धरला आणि जे पोरांची फी भरायला मधेच आत गेले, ते दोघेही त्याच हॉलमध्ये बसलेले असतात, कधीकधी एकाच मजल्यावरचे शेजारी. तरुण पोरं पटकन म्हणतात की बापाने बरोबर केलं. वयस्क माणसं बोलत नाहीत. इथे चर्चा चालवणाऱ्याने निकाल द्यायचा नाही आणि कुणाचं नाव घेऊन ‘काका, तुम्ही सांगा’ म्हणायचं नाही. दहा मिनिटं नुसतं थांबायचं. ते थांबणं अवघड जातं, पण त्यानंतर जे येतं ते कुठल्याही प्रश्नावलीत येत नाही. बिलीची निवड झाल्याची बातमी द्यायला बाप धावत क्लबात पोचतो आणि तिथे त्याला कळतं की युनियनने माघार घेतली. आपल्याकडचा संप तर औपचारिकपणे मागे घेतलाही गेला नाही. हे कुणीतरी तिथे म्हणतंच.

शेवटची अडचण पिसांची. अनेक वर्षांनंतर मोठा झालेला बिली रंगमंचावर झेप घेतो, अंगावर पिसांची पॅन्ट, वर उघडा. हे कोण, असं का, अशी कुजबुज सुरू होते आणि झेप वाया जाते. ते नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बॉर्न यांच्या ‘स्वान लेक’ या बॅलेचं दृश्य आहे. लंडनमध्ये १९९५ साली आलेल्या त्या प्रयोगात सगळे हंस पुरुष होते आणि मुख्य हंस झालेल्या ॲडम कूपर यांनीच सिनेमात मोठा झालेला बिली केला आहे. एवढी माहिती सिनेमाआधी दोन वाक्यांत सांगून टाकावी. प्रयोगाच्या दिवशी सिनेमातल्या गोष्टीबद्दल आधी बोलायची परवानगी असलेली ही एकमेव बाब.

सिनेमा संपल्यावरच्या चिठ्ठीत तीनच प्रश्न. कुठलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे? कुणाचा राग आला? कुणाचं म्हणणं तुम्हाला पटलं? ‘काय बोध मिळाला’ हा प्रश्न कधीही घालू नये. दहावीचं पोर त्यावर डोळे मिटून निबंध लिहितं. ‘आवडला का’ही नको. पाहुण्यासारखं बोलावून सिनेमा दाखवणाऱ्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. चिठ्ठ्या लावताना चांगल्या-वाईट अशा ढिगांत लावायच्या नाहीत, दृश्यांप्रमाणे लावायच्या. मग रंग बघायचे. एकाच दृश्यावर पिवळे आणि निळे कागद उलटसुलट पडलेले दिसले की तिथेच चर्चेचा धागा आहे. कोऱ्या चिठ्ठ्याही मोजायच्या. कोरी चिठ्ठी म्हणजे कंटाळा असं धरू नये.

चर्चेत येणारी काही वाक्यं ओळखीची होतात. ‘ते इंग्लंडमध्ये ठीक’ हे पहिलं. त्यावर वाद घालण्यापेक्षा मुंबईकडे बोट दाखवावं. नवी मुंबईत वाढलेला, टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा मनीष चौहान आणि मुंबईचाच अमीरुद्दीन शाह हे येहुदा माओर यांच्याकडे बॅले शिकले. त्यांच्या आयुष्यावरून सूनी तारापोरवालांनी २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा सिनेमा केला आणि त्यात मनीषने स्वतः कामही केलं. दुसरं वाक्य: ‘पोट भरेल का?’ हा प्रश्न चिडून झटकू नये. बिलीच्या बापाचाही तोच आहे, आणि सिनेमा तो प्रामाणिकपणे धरतो. लंडनच्या प्रवासाच्या पैशांसाठी आईचे दागिने गहाण पडतात, खाणकामगार वर्गणी काढतात. तिसरं वाक्य: ‘नाचाला विरोध नाही, पण…’ यातल्या ‘पण’पाशी थांबावं. मिरवणुकीत सहा तास नाचणारा मुलगा घरी कुणाला खुपत नाही. कोकणात जाखडीत पुरुष पायांत चाळ बांधून रात्र काढतात, दशावतारात पुरुषच स्त्रीची भूमिका करतात आणि गाव हात जोडतं. मग नक्की अडतं कुठे: कपड्यांवर, मुलींबरोबर एका रांगेत उभं राहण्यावर, की सणाव्यतिरिक्त रोज शिकण्यावर? आमचं मत असं बनलं आहे की अडतं ते ‘रोज’ या शब्दावर. हौस चालते, तालीम चालत नाही. वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी हे स्वतःहून म्हणेपर्यंत आपण म्हणू नये.

काही पालक मायकलच्या धाग्यावर हरकत घेतात, मुलांवर परिणाम होईल म्हणतात. बुडापेस्टच्या ऑपेराने २०१८ मध्ये याच कथेच्या संगीतिकेचे १५ प्रयोग रद्द केले, त्याआधी एका दैनिकात नेमका हाच आरोप झाला होता. पालकाला हे उदाहरण तोंडावर मारू नये. पण आयोजकांना ते माहीत असावं, म्हणजे हरकत आली की गोंधळ उडत नाही. पालकाला फक्त विचारावं की मायकल शेवटी बिलीचा मित्र राहतो, हे तुम्हाला कसं वाटलं. बहुतेक बोलणं तिथून मैत्रीकडे वळतं.

एक चूक मात्र भरून येत नाही. शाळेत एखादा मुलगा खरंच नाचतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणीतरी कौतुकाने ‘हा आपला बिली’ म्हणून त्याला उभं करतं. त्या क्षणी तो प्रेक्षक राहत नाही, नमुना होतो. पुढचे कित्येक महिने ते नाव त्याला चिकटतं. हे होणार नाही याची कबुली शिक्षकांकडून आधी घ्या. त्याला पुढे बसवू नका, त्याला नाचायला सांगू नका, त्याची चिठ्ठी वेगळी काढू नका.

आठ दिवसांनी पुन्हा जातो. तेच तीन प्रश्न, नवी चिठ्ठी. पहिल्या दिवशीचा झगमगाट उतरलेला असतो. त्या वेळी भिंतीला लाथा मारणं लिहिणारी मुलं आता बापाबद्दल लिहितात. काही मोठ्यांच्या चिठ्ठीत टोनी येतो. बस सुटताना तो ‘तुझी आठवण येईल’ म्हणतो आणि काचेआडून बिलीला ऐकू येत नाही. हे दृश्य पहिल्या दिवशी क्वचितच कुणी लिहितं. दुसरी फेरी न करता प्रतिक्रिया गोळा झाल्या असं म्हणू नये.

आणि दिव्यांचं. झेप झाल्यावर श्रेयनामावली सुरू होते, संगीत चालू राहतं. आपल्याकडे सवयीने लगेच ट्यूबलाइट लागते, दार उघडतं, आभार सुरू होतात. बटणाशी जो माणूस बसवला असेल त्याला आधीच सांगून ठेवा: शेवटचं नाव जाईपर्यंत हात लावायचा नाही. दारही बंद ठेवायचं. मोबाइल कुणी वर काढू नये म्हणून दोघांना बाजूला उभं करा. पहिलं अर्धं मिनिट काही होत नाही. मग पुढच्या सतरंजीवर कुणीतरी उठतं, पाय झाडल्यासारखं करतं, उडी मारून बघतं. दुसरं उठतं. काळोखात कोण आहे ते दिसत नाही, नुसते सतरंजीवर पडणारे पाय ऐकू येतात. निरीक्षकांनी ते मोजायचे नाहीत, तक्ता तिथे संपतो.